उलट्या पायाची गाडी

व्याह्याच्या नाकावर बुक्की मारायची असली तरी आधी 'अहो' म्हणावं, हे फिटरला कोणी शिकवलेलं नव्हतं. ते त्याच्या अंगातच होतं. "अहो व्याहीबुवा, चष्मा काढता का जरा?" असं तो अदबीनं विचारायचा. डॉक्टर चष्मा काढायचे, घडी घालून वरच्या खिशात ठेवायचे, "या आता," म्हणायचे, आणि मग जी जुंपायची ती अशी, की गल्लीतली कुत्री आपसातली भांडणं मिटवून रांगेत बसून बघायची.

डॉक्टर म्हणजे दातांचे. माणूस लाकडी कपाटाएवढा आणि पंजे असे की चिमट्याची गरज नाही. खुर्चीवर वाकून त्यांनी नुसतं "हं, बघू," म्हटलं की किडकी दाढ आपणहून हलायला लागायची. फिटरचे पुढचे दोन दात त्यांनीच एका ठोशात पाडले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच, भुलीची सुई न देता, नवे बसवून दिले होते. आपल्या हातचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाऊ नये, एवढा एकच हेतू.

भांडणाचं मूळ फिटरच्या डाव्या घोट्यात होतं. तरुणपणी दोघेही मोटरसायकलच्या शर्यती खेळायचे. एका शर्यतीच्या शेवटच्या वळणात दोघे खांद्याला खांदा घासत शिरले आणि बाहेर आले ते एकटे डॉक्टर. फिटर टायरांच्या ढिगात, त्याच्यावर गाडी, आणि त्याचा घोटा चेन आणि चाक यांच्या मधे. चाक अजून फिरत होतं. सोडवणाऱ्यांपैकी एकानं ते बघितलं आणि त्या दिवसापासून मटणाला हात लावला नाही म्हणतात. पुढे हाडं जुळली, पण घोटा काटकोनात थिजला तो थिजलाच. खाली वाकेना, वर उचलेना. पायाच्या टोकाला कुणी इस्त्री बांधावी तसा.

फिटरचं म्हणणं, डॉक्टरांनी मुद्दाम लाथ घातली. डॉक्टरांचं म्हणणं, "आपण घसरलात." बघितलेलं कुणी नाही, धूळच तेवढी होती.

फिटरला माफी नको होती, भरपाई नको होती. डॉक्टरांच्या तोंडून चारचौघांत एवढंच हवं होतं: मी मुद्दाम मारली. त्या वाक्यापायी त्यानं आजवर डॉक्टरांची एक बरगडी, चष्म्यांची बरीच भिंगं आणि दवाखान्याची काचेची पाटी फोडली होती. वाक्य मात्र फुटलं नव्हतं.

त्यात पोरांनी घात केला. फिटरची लेक आणि डॉक्टरांचा मुलगा यांनी गुपचूप नोंदणी कचेरीत जाऊन लग्न लावायला घेतलं. बातमी कळताच दोघे बाप दोन दिशांनी धावत सुटले आणि कचेरीच्या जिन्यात समोरासमोर आले. वर पोचेपर्यंत जिन्याचा कठडा गेला होता. साक्षीदारांच्या सह्या दोघांनी मुकाट्यानं केल्या, कारण लेकीनं दोघांच्या कॉलरी धरून ठेवल्या होत्या. पण फिटरच्या सहीवर डॉक्टरांच्या नाकातलं रक्त टपकलं आणि कारकुनानं ते टिपकागदानं टिपलं. नवरदेव तोवर फरशीवर आडवा झाला होता. पोरगा गाणं शिकवायचा. रक्ताचा थेंब दिसला की मुळासकट उपटल्यासारखा कोसळायचा, म्हणून तर त्यानं बापाचा धंदा धरला नव्हता.

तेव्हापासून शत्रुत्वाला नातं चिकटलं आणि शिव्यांना 'आपण' लागलं.

एका दुपारी डॉक्टर फिटरच्या वर्कशॉपमधे आले. लेक कोपऱ्यात कुणाच्या तरी गेटला वेल्डिंग करत होती. ती वेल्डर होती, आणि तिचा टाका तुटला असं गावात कुणी म्हटलेलं नाही. म्हटलं असेल तर तो माणूस आता बोलत नाही.

"जुन्या गाड्यांची शर्यत ठेवलीय," डॉक्टर म्हणाले. "त्याच मैदानावर. इंजिन नि सांगाडा मूळचा हवा, बाकी काय हवं ते बदला. मी माझी जुनी काढतोय. म्हटलं, व्याह्यांना बसायला सावलीतली खुर्ची सांगून ठेवावी."

"खुर्ची कशाला?"

"पायाला ताण नको आपल्या. घसरायची सवय आहे ना."

फिटरनं हातातला पाना हळूच बाकावर ठेवला. पाना घेऊन व्याह्याला मारणं बरं दिसत नाही, एवढा विचार त्याच्याजवळ होता. मग डोकं खाली घालून तो जो घुसला, तो डॉक्टरांना घेऊनच बाकावरच्या लोखंडी शिकंज्यावर आदळला. शिकंज्याची दांडी डॉक्टरांच्या पाठीत रुतली. डॉक्टरांनी त्याचा कान धरून असा पिळला की आतून कुरकुर आवाज आला. फिटरनं त्यांच्या अंगठ्याला दात लावले. दात डॉक्टरांनीच बसवलेले होते, त्यामुळे पकड चांगली होती.

"काम... मजबूत केलंय... मी!" डॉक्टर कळवळत म्हणाले.

"आपली कृपा!" फिटर अंगठा तोंडात धरूनच म्हणाला.

लेकीनं वेल्डिंगचा चिमटा लोखंडी बाकाला टेकवला. ठिणग्यांचा फवारा दोघांच्या मधून गेला आणि डॉक्टरांची अर्धी मिशी करपली. दोघे सुटे झाले.

"बाबा, कान पुसा. डॉक्टरबाबा, तुम्ही अंगठा. आणि काय ठरवायचंय ते तोंडानं ठरवा, नाहीतर पुढचा टाका तुमच्या दोघांच्या पँटी जोडणार आहे."

तोंडानं ठरलं ते असं. फिटर जिंकला तर डॉक्टरांनी मैदानावर सगळ्यांच्या देखत म्हणायचं, मी मुद्दाम मारली. डॉक्टर जिंकले तर फिटरनं म्हणायचं, मी घसरलो. आणि पुन्हा जन्मात घोट्याचं नाव काढायचं नाही.

डॉक्टर गेल्यावर फिटर शेडच्या मागच्या अंगाला गेला आणि गोणपाटं ओढली. खाली तीच गाडी होती. दोन सिलिंडरची, पेट्रोलमधे ऑइल पाजावं लागणारी, एके काळी आवाजानंच खिडक्यांच्या काचा काढणारी. टाकी चेपलेली, हँडल मुरगळलेलं, पुढचं चाक धरणारा चिमटा तिरका, आणि मागच्या चेनवर अजून एक काळा पापुद्रा होता, तो गंज नव्हता.

"हिला उठवायची?" लेकीनं विचारलं.

"उठवायची आणि चिडवायची."

दुसऱ्या दिवसापासून वर्कशॉपमधून जे आवाज यायला लागले, त्यानं शेजाऱ्यांना वाटलं फिटरनं डॉक्टरांना आत कोंडलंय. आधी त्यानं गाडीची सालं काढली. दिवे, इंडिकेटर, आरसे, स्टँड, मागची सीट, सगळं घणानं आणि ग्राइंडरनं उतरवलं. उरलेल्या लोखंडाला जिथं भोक पाडता येईल तिथं पाडलं. वजन इतकं उतरलं की वाऱ्याच्या दिवशी गाडीला साखळीनं बांधून ठेवावं लागे. सांगाडा शर्यतीत वळणात पिळवटायचा, म्हणून लेकीनं मागचं चाक धरणाऱ्या बाहीला खालून दुसरी नळी जोडली. सायलेन्सर तिनं पत्र्याच्या शंकूंचे केले, आधी रुंद होत जाणारे आणि मग झटकन आवळणारे. या जातीच्या इंजिनाचा जोर त्या आवळण्यातच असतो: धूर बाहेर पळायला बघतो, तर सायलेन्सर त्याला कानफटात मारून परत आत पाठवतो.

"आपल्या घरासारखंच," लेक म्हणाली.

सिलिंडरची तोंडं फिटरनं कानस घेऊन मोठी केली. डोकी तासून दाब वाढवला. इतका वाढवला, की किक मारायला गेलं की गाडीच किक मारी. पहिल्या दिवशी किकची दांडी उलटी फिरली आणि तिनं फिटरला उचलून फळीवरच्या डब्यांत फेकलं. दुसऱ्या दिवशी जावई मदतीला आला. त्याच्या नडगीवर ती अशी बसली की हाड पांढरं दिसलं. ते बघून तो पडला, आणि पडताना टाळकं फुटलं, फरशीवरचं ते रक्त बघून शुद्धीवर येता येता परत पडला. शेवटी फिटरनं किकच कापून टाकली. "ढकलून चालू करायची," तो म्हणाला. "हिच्या पायाशी उभं राहण्यात अर्थ नाही."

आता प्रश्न उरला फिटरच्या पायाचा.

गाडीला गिअर डाव्या पायाशी आणि मागचा ब्रेक उजव्या पायाशी. गिअर टाकायला चवडा वर-खाली हलावा लागतो, आणि फिटरचा डावा चवडा तर इस्त्री झालेला. तीन संध्याकाळी तो गाडीसमोर स्टुलावर बसून नुसता बघत राहिला. चौथ्या दिवशी त्यानं लेथ चालू केला आणि एक लांब पोलादी दांडा खरादला. तो दांडा सांगाड्याच्या आरपार घालून त्यानं गिअर उजवीकडे आणला आणि ब्रेक डावीकडे नेला. थिजलेला पाय ब्रेकला झकास होता: वाकायचं काही काम नाही, मांडीपासून खांबासारखा दाबायचा. गिअर उजव्या, जिवंत पायाला. आणि शर्यतवाल्यांच्या पद्धतीप्रमाणे दांडी दाबली की वरचा गिअर, उचलली की खालचा.

पहिल्या चाचणीला गल्लीतून तो भन्नाट निघाला. टोकाला भिंत होती. भिंत जवळ आली तशी त्याच्या उजव्या पायाला जुनी आठवण झाली आणि त्यानं ब्रेक म्हणून खच्चून दाबलं. ब्रेक तिथं नव्हताच. वरचा गिअर पडला आणि गाडी लगाम सुटल्यासारखी भिंतीत गेली. भिंतीच्या पलीकडे एक बाई भांडी घासत होती. तिच्यासमोर आधी विटा आल्या, मग चाक आलं, मग फिटर. "पाणी मिळेल का?" फिटरनं तिला विचारलं आणि तो बेशुद्ध झाला.

"बाबा, पाय उलटे केलेत, आता डोकंही त्या बाजूला न्या," कपाळाला पट्टी बांधताना लेक म्हणाली.

"भिंत मधे आली."

"भिंत तिथंच होती. तुम्ही ब्रेक म्हणून गिअर दाबलात."

फिटरला हे लागलं. हाडापेक्षा जास्त लागलं. गाडीचा एकेक नट त्यानं स्वतःच्या हातानं आवळलेला, दांडा स्वतः खरादलेला, आणि त्याचाच पाय त्याला फसवतो? मग त्यानं पायाला वळण लावायला घेतलं. गाडी ठोकळ्यांवर चढवायची, डोळे मिटून बसायचं, लेकीनं मधेच "भिंत!" ओरडायचं. उजवा पाय दबला की फिटर तोच पाना घेऊन आपल्याच गुडघ्यावर हाणायचा. "शीक! शीक गाढवा!" पहिल्या आठवड्यात गुडघा वांग्यासारखा झाला. पण हळूहळू पाय शिकला. "भिंत!" म्हटलं की डावा खांब दबायला लागला.

तिकडे डॉक्टर काय करत होते, ते गिऱ्हाइकांकडून कळत होतं. त्यांची गाडी एकाच दांडग्या पिस्टनची, धपधपत जाणारी. तिच्या इंजिनाची तोंडं ते दवाखान्यातल्या दात कोरायच्या यंत्रानं घासत होते. खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलेला, आणि डॉक्टर शेजारी सिलिंडर मांडीवर घेऊन, "दोन मिनिटं हं," म्हणत. एका म्हातारबुवांच्या दाढेत चांदीऐवजी पिस्टनचा भुगा भरला गेला म्हणतात. आजही ते हसले की चमकतं.

शर्यतीच्या दिवशी मैदानावर गर्दी लोटली. शर्यत बघायला कमी, व्याही बघायला जास्त. गाड्या तपासणारा माणूस शिस्तीचा होता. त्यानं फिटरच्या गाडीभोवती फेरी मारली, ब्रेक डावीकडे बघून भुवया चढवल्या.

"हे उलटं आहे," तो म्हणाला.

"माझा पाय उलटा आहे," फिटर म्हणाला.

"चालेल. सांगाडा मूळचा आहे ना, मग चालेल."

"हरकत आहे माझी!" मागून डॉक्टर आले. चामड्याच्या सूटमधे ते सोफ्यासारखे दिसत होते. "हा माणूस साध्या गाडीवर घसरतो. उलट्या गाडीवर कुणाचा तरी जीव घेईल."

"घेतलाच तर व्याह्यांचा मान पहिला," फिटर म्हणाला, आणि हेल्मेट घातलेलं डोकं त्यांच्या हेल्मेटवर आपटलं. दोघांच्या काचांना तडे गेले. झेंडेवाल्यानं घाबरून झेंडा वेळेआधीच खाली केला आणि शर्यत सुरू झाली.

ढकलून चालू करण्यात फिटर मागे पडला. पण एकदा इंजिन पेटलं, तशी ती गाडी किंचाळली. पहिल्याच वळणात त्यानं चार जण मागे टाकले. त्यातल्या एका सुताराच्या गाडीला जिथं एरवी आरसा असतो तिथं फिटरचा कोपर लागला आणि सुतार गवतात गेला. दुसऱ्या फेरीत एका निवृत्त मास्तरांनी त्याला वाट दिली नाही, म्हणून त्यानं त्यांच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक घासलं. रबर जळाल्याचा वास आला आणि मास्तर वाट देऊन गेले, थेट पाण्याच्या टाकीत.

मग पुढे राहिले फक्त डॉक्टर.

धपधपणारं ते धूड सरळ रस्त्यावर फिटरला सापडायचं आणि वळणात निसटायचं. फिटर शेजारी आला की डॉक्टर हात सोडून ठोसा मारायचे. एक ठोसा बरगडीवर बसला तेव्हा फिटरला आतून काडी मोडल्यासारखं जाणवलं. त्यानं परत गाठलं आणि डॉक्टरांच्या मांडीवर उजव्या टाचेची अशी लाथ मारली की चामडं फाटून आतलं लाल दिसलं.

"दुखलं का?" तो ओरडला.

"गुदगुल्या!" डॉक्टर ओरडले, आणि त्यांनी त्याच्या हेल्मेटच्या तडकलेल्या काचेत मूठ घातली. काच फुटली. तुकडा फिटरच्या भुवईत रुतला आणि डाव्या डोळ्यावर रक्ताचा पडदा आला. एका डोळ्यानं तो चालवत राहिला. जिभेवर लोखंडाची चव होती. गर्दी त्याला ऐकू येत नव्हती. फक्त ते इंजिन, आणि इंजिनात एकच वाक्य, मी मुद्दाम मारली, मी मुद्दाम मारली, पिस्टन वर एकदा, खाली एकदा.

शेवटची फेरी. शेवटचं वळण. तेच.

फिटर आतल्या बाजूला होता आणि अर्ध्या चाकानं पुढे होता. जिंकला होता तो. फक्त वेग कमी करायचा, वळायचं आणि बाहेर पडायचं. तेवढ्यात डॉक्टरांची गाडी त्याच्याकडे झुकली आणि डॉक्टरांचा गुडघा बाहेर निघाला. लाथ मारायला निघाला की वळताना सगळेच काढतात तसा निघाला, ते देवाला माहीत. पण फिटरनं उघड्या डोळ्यानं तो गुडघा बघितला आणि त्या क्षणी तो पुन्हा तरुण झाला, दोन्ही घोटे शाबूत असलेला, साध्या गाडीवर बसलेला. सगळं शिकवलेलं धुऊन गेलं. त्याच्या उजव्या पायानं खच्चून दाबलं.

वरचा गिअर पडला.

गाडी थांबायची ती मोकळी सुटली. त्यानं आणखी जोरात दाबलं. आणखी वरचा. डावा पाय जागच्या जागी खांबासारखा, काही न करता. वळण सोडून ती डॉक्टरांच्या पायावर आदळली, आणि नडगी मोडल्याचा आवाज दोन्ही इंजिनांच्या वर ऐकू आला, वाळक्या बांबूवर कुऱ्हाड पडावी तसा. दोन्ही गाड्या एकमेकींत अडकून टायरांच्या ढिगात गेल्या. ढीग उडाला. एक टायर गर्दीतल्या जावयाच्या डोक्यातून गळ्यात पडला. तो आधीच आडवा होत होता, तेवढ्यात टायर शेजारच्या दोघांच्या मधे अडकला आणि तो उभाच राहिला.

फिटर चिखलात पालथा पडला होता. गळ्याखालचं हाड कातडीखाली तंबूच्या काठीसारखं उभं होतं. हातभर अंतरावर डॉक्टर होते. त्यांचा उजवा पाय गुडघ्याच्या खाली, जिथं वाकायला सांधा नाही, तिथं वाकला होता. मागून गवतातून उठलेला सुतार आला, ओल्या चड्डीनं मास्तर आले, आणि दोघे पहिला-दुसरा नंबर घेऊन गेले.

"सूड घेतला!" गर्दीत कुणीतरी ओरडलं. "फिटरनं सूड घेतला!"

इस्पितळात दोघांना शेजारच्या खाटा मिळाल्या, कारण तिथल्या माणसानं कागदावर 'नातेवाईक' वाचलं आणि त्याला वाटलं बरं पडेल. मधे पडदा होता. पहिल्या तासात तो पडदा फाटला, त्यामुळे मग नव्हता.

लेक फिटरजवळ आली. तिच्या हाताला ग्रीस होतं. गाड्या सोडवून ती आली होती. ती कानाशी वाकली.

"बाबा, गाडी सगळ्यात वरच्या गिअरमधे अडकलीय."

फिटरनं शेजारच्या खाटेकडे नजर टाकली.

"त्या वळणात दुसरा हवा होता. तुम्ही ब्रेक म्हणून—"

"हळू बोल."

"मुद्दाम नव्हतं ना ते? मी डॉक्टरबाबांना सांगते. त्यांना बरं वाटेल, बाहेरच्यांचीही तोंडं बंद होतील. सगळे तुम्हाला खुनी म्हणतायत."

"म्हणू दे."

"अहो पण—"

"खुनी म्हणू दे!" फिटर दातांतून म्हणाला. "स्वतः खरादलेली दांडी कुठल्या पायाशी होती ते विसरला, असं माझ्याबद्दल कुणी म्हणालं तर मी या खिडकीतून उडी टाकीन. तू तोंड उघडलंस तर तुला सोबत घेऊन टाकीन."

लेकीनं त्याच्याकडे बघितलं. ती त्याचीच लेक होती. तिचा टाका कुणी तुटला म्हटलं असतं तर तिनं काय केलं असतं, हे तिला ठाऊक होतं. ती मागे सरून भिंतीला टेकली.

पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला. त्यांचा पाय वर वजनाला टांगलेला होता. "व्याहीबुवा."

"बोला."

"एकच विचारतो. मुद्दाम मारलीत?"

विहीणबाई, म्हणजे डॉक्टरांच्या मंडळी, सफरचंद कापत होत्या, त्यांची सुरी थांबली. जावई शुद्धीत होता, त्यालाही ऐकू गेलं.

फिटरनं हनुवटी वर केली आणि छतावरच्या पंख्याकडे बघितलं. "मुद्दाम," तो म्हणाला. "ठरवून. नेम धरून."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मोडलेल्या पायाचा माणूस इतका खूश झालेला त्या इस्पितळानं बघितला नसेल. "शाब्बास!" ते म्हणाले. "मला धास्ती होती, पाय चुकला म्हणाल. चुकून मोडलेला पाय घेऊन मी कुठल्या तोंडानं हिंडलो असतो? माणसाला कुणीतरी मन लावून मारलेलं असलं पाहिजे." ते थोडा वेळ हसत राहिले. मग त्यांनीही हनुवटी वर केली आणि पंख्याकडे बघितलं. "आता आपण एवढं मोठं मन केलंत, तर माझंही ऐका. त्या वेळी मीही मुद्दाम मारली होती."

फिटरनं डोळे मिटले. आलं वाक्य. चारचौघांत आलं, स्वच्छ आलं. सगळं अंग दुखत असताना छातीत काहीतरी सैल झालं, जन्मभर गंजलेला नट एका हिसक्यात सुटावा तसं.

मग त्यानं डोळे उघडले. डॉक्टर अजून पंख्याकडेच बघत होते. हनुवटी वर.

"कुठल्या पायानं?" फिटरनं विचारलं.

"अं?"

"लाथ. कुठल्या पायानं मारलीत?"

"उजव्या."

"उजव्या बाजूला मी नव्हतो."

"मग डाव्या."

"मग डाव्या म्हणजे? आठवतंय की नाही?"

"अहो, मुद्दाम मारली म्हणतोय ना! आणखी काय पाहिजे?"

"कुठं लागली? टाकीला? मांडीला? हँडलला?"

"हँडलला... मांडीला. दोन्हीला! बसली ना लाथ, बास!"

फिटर उठला. गळ्याखालचं हाड आतल्या आत सरकलं, पण तो उठला आणि थिजलेला पाय ओढत डॉक्टरांच्या खाटेशी आला. डॉक्टरांच्या प्लास्टरवर त्यानं हात ठेवला आणि दाबला.

"खरं सांगा, व्याहीबुवा."

"आई गं! मुद्दाम!"

"खरं सांगा!"

"मुद्दामच! सोडा! आपण नाही का म्हणालात आत्ता, मुद्दाम? तसंच माझं!"

"तसंच?" फिटरच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे कसं? नक्की कसं?" आणि त्यानं दुसरा हातही प्लास्टरवर ठेवून सगळं वजन टाकलं. डॉक्टरांनी ओरडत औषधाची लोखंडी तबकडी उचलून त्याच्या टाळक्यात घातली. वजनाची दोरी सुटली आणि टांगलेला पाय घणासारखा फिटरच्या तोंडावर आला. डॉक्टरांनी बसवलेल्या दोन दातांपैकी एक सफरचंदांच्या ताटलीत पडला. जावई पडला. विहीणबाईंनी सुरी धुवायला म्हणून बाहेर नेली ती परत आणली नाही. दोन परिचारिका आणि एक रखवालदार लागले, तेव्हा कुठे फिटरची बोटं प्लास्टरवरून सुटली. त्यात पाच खड्डे पडले होते.

त्याला उचलून बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर टाकलं. लेक येऊन शेजारी बसली. तिनं खिशातला कापडाचा बोळा काढून त्याच्या ओठांवर दाबला.

"म्हणाले ना ते?" तिनं विचारलं. "सगळ्यांसमोर?"

"म्हणाले."

"मग संपलं. आता ती गाडी विकून टाकू का? जागा अडते."

फिटर रक्त थुंकला. आतून डॉक्टरांचा आवाज अजून येत होता, "मुद्दाम म्हणतोय तरी ऐकत नाहीत! मुद्दाम!"

"पुढचा चिमटा गेला असेल," तो म्हणाला.

"गेलाय. टाकीही फाटलीय."

"चिमटा सरळ करायला घे. टाकी मी बघतो. डॉक्टर पायावर उभे राहायच्या आत ती तयार पाहिजे."

"आणि पेडलं? परत सुलटी करू?"

फिटरनं आपल्या उजव्या पायाकडे असं बघितलं, की पाय बाकाखाली सरकला.

"तशीच ठेव," तो म्हणाला. "आणि जाताना मला एक जड पाना देऊन जा."